‘वऱ्हाडी’ऐवजी ‘वर्हाडी’ उमटते : लिबरऑफिसची तक्रार कुठे व कशी नोंदवावी?

प्रश्न (महाल, नागपूर)
नमस्कार. आमच्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल मी लिबरऑफिस या मुक्तस्रोत कार्यालयीन संचातील रायटर या लेखन-ॲपमध्ये जुळवत आहे. सभासदांनी पाठवलेला मजकूर एकत्र केल्यावर ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’ हे शब्द काही पानांवर बरोबर, तर काही पानांवर ‘वर्हाडी’, ‘दुसर्या’ असे रफार घेऊन उमटतात. हा दोष लिबरऑफिसचा, फॉन्टचा की आणखी कशाचा, आणि तो कोणाला कळवावा?

उत्तर (धरमपेठ)
आधी दोष कोणाचा हे ठरवावे, कारण भलत्या प्रकल्पाकडे गेलेली नोंद तशीच पडून राहते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, ‘वऱ्हाडी’तला हा र दोन प्रकारे लिहिला जातो : ऱ (क्रमांक ०९३१) व हलन्त, किंवा साधा र (०९३०), हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेताना ते चिन्ह गळाले, तर उरलेल्या र आणि हलन्ताचा रफार होणे नियमाला धरूनच आहे. रायटरमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट व एक्स एकदम दाबल्यास क्रमांक दिसतात. क्रमांक योग्य असूनही रूप बिघडत असेल, तर तोच शब्द नोटो सान्स देवनागरी व लोहित देवनागरी या दोन्ही फॉन्टांत पाहावा. एकाच फॉन्टात बिघडला तर नोंद त्या फॉन्टाच्या प्रकल्पाकडे करावी. पडद्यावर ठीक आणि पीडीएफमध्ये चूक असेल, तर लिबरऑफिस सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर.

उत्तर (प्रतापनगर)
नोंदीसोबत संपूर्ण अहवाल जोडू नका. बगझिलावरील जोडपत्रे कोणालाही पाहता येतात आणि त्यात सभासदांची नावे असतील. दोन शब्दांची नवी फाइल पुरेशी आहे. मदत मेनूतून लिबरऑफिस सेफ मोडमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या सेटिंग्जशिवाय, पुन्हा सुरू करून दोष टिकतो का ते पाहावे, आवृत्तीची माहिती जशीच्या तशी चिकटवावी आणि अपेक्षित व प्रत्यक्ष रूपांची चित्रे शेजारी शेजारी द्यावीत. चित्रांचा मी आग्रह धरतो, कारण तपासणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसेल, तर रफार आणि ऱ यांतला फरक त्याच्या नजरेलाच पडणार नाही. म्हणूनच या चुका आपण मराठी माणसांनी कळवल्या नाहीत, तर त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. आधीची तशीच नोंद सापडल्यास नवी न करता तिथेच आपली माहिती जोडावी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बिघडलेल्या प्रत्येक ठिकाणी ०९३० आणि हलन्त आहे, पुढचे चिन्ह नाही; हे सर्व उतारे एकाच मुक्तस्रोत टिपण-ॲपमधून आलेले आहेत. नवी टीप लिहून ती निर्यात केली, तेव्हाही ते चिन्ह गळाले. त्यामुळे तक्रार लिबरऑफिसकडे नव्हे, त्या ॲपच्या प्रकल्पाकडे चित्रांसह नोंदवत आहे.

उत्तर (धरमपेठ)
योग्य आहे. अहवालात मात्र ‘र्य’ शोधून सरसकट ‘ऱ्य’ करू नका. ‘कार्यालय’ आणि ‘आचार्य’ यांतला रफार बरोबर आहे, तेव्हा प्रत्येक बदल पाहूनच मान्य करावा.