‘कफन’मधले बाप-लेक नुसते ऐदी?

ओसरी:
प्रेमचंदांच्या ‘कफन’वरची ‘निवांत’ यांची टिपणं वाचली. सार असं: घिसू आणि माधव हे बाप-लेक ऐदी, काळजाचे दगड. झोपडीत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांनी तडफडतेय आणि हे दारात बटाटे भाजून खातायत. ती मेल्यावर जमीनदाराने कफनासाठी दिलेले पाच रुपये दारू-पुऱ्यांत उडवतात. म्हणून ही ‘आळसाने माणुसकी गिळल्याची’ कथा.

आधी हिशेब. जमीनदाराने दोनच रुपये दिले, तेही सांत्वनाचा शब्द न काढता. त्याने दिले म्हटल्यावर वाण्या-सावकारांना नाही म्हणवेना. कुणाचे दोन आणे, कुणाचे चार, असे पाच जमले. हा फरक बारीक नाही. जिवंत बुधियासाठी याच गावातून एक पैसा सुटला नव्हता.

आणि आळस? कथा मध्येच थांबवून लेखक सांगतो की जिथे रात्रंदिवस राबणाऱ्यांची दशा यांच्याहून फार बरी नाही, तिथे अशी वृत्ती निपजली तर नवल नाही. घिसूला तो शेतकऱ्यांपेक्षा शहाणा म्हणतो! हा परिच्छेद टिपणांत नाहीच. उरलेल्या पुऱ्या भिकाऱ्याला देताना माधवला आयुष्यात पहिल्यांदा दात्याचा आनंद मिळतो, तेही नाही.

निवांत:
हिशेबाची चूक मान्य, दुरुस्त करतो. पण जिवंतपणी मागायला गेलं कोण? माधव आत जात नाही, भीती वाटते म्हणतो. खरी धास्ती ही, की तो उठला तर बाप बटाटे फस्त करेल.

आणि बुधिया? तीही त्याच गावातली. दळण दळून, गवत कापून शेरभर पिठाची सोय करायची आणि या दोघांची पोटं भरायची. ती आल्यावर हे आणखीच सुस्तावले, असं कथेतच आहे. परिस्थितीने ऐदी केलं म्हणता, मग तिला का नाही केलं?

बांधावरून:
तुम्ही दोघंही जातीला वळसा घालताय. चांभारांचं कुटुंब, गावभर बदनाम, अशी ओळख निवेदक सुरुवातीलाच करून देतो. हिंदीतले दलित लेखक ओमप्रकाश वाल्मीकी यांनी या कथेला दलितविरोधी म्हटलं ते उगाच नव्हे. १९३५ साली ‘जामिया’ या उर्दू मासिकात ती छापून आली, तेव्हा वाचणारे कोण होते? त्यांना या जातीतले कामचोर दाखवले, की मान डोलवायला ते मोकळे.

ओसरी:
बांधावरून, ओळखीबद्दल सहमत. ते वाक्य मलाही खुपतं. पण मान डोलवणाऱ्यांनाही कथा सोडत नाही. जितेपणी अंगावर चिंधी नाही तिला मेल्यावर नवं कफन हवं, हा कसला रिवाज, असं घिसूच विचारतो ना? तो ढोंगी आहे, तरी प्रश्न खरा आहे.

निवांत, बुधियापाशी मी अडलो. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही, फक्त ओरडणं. ती का राबत राहिली हे लेखकाने विचारलेलंच नाही, आणि माझ्या मते कथेतली खरी उणीव ती. तुमच्या टिपणांतही तिला एकच ओळ आहे. ती वाढवा. आणि ‘ऐदी’ तेवढं काढा.

निवांत:
बुधियावर लिहितो. ‘ऐदी’ राहील. पाचाचे दोन केले, आज तेवढं पुरे.