'वंध्यत्व', 'वांझ', 'निपुत्रिक': सूचनेत नेमकं काय लिहावं?

मोगरा:
मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा एक छोटा गट आम्ही गावात सुरू करतोय. महिन्यातून एकदा भेटायचं, मोकळेपणी बोलायचं, एवढंच. दवाखान्यात आणि वाचनालयात लावायला मराठीत सूचना हवी आहे, पण पहिल्याच ओळीत अडले आहे. 'वंध्यत्व आधारगट' असं लिहिलं तर माझ्या ओळखीची एकही बाई त्या कागदापुढे उभी राहून तो वाचणार नाही. मी स्वतः अशा दवाखान्यात जाते. तिथे बायका फाइल मांडीवर उपडी धरून बसतात, कारण वर ठळक अक्षरांत 'वंध्यत्व निवारण केंद्र' असं छापलेलं असतं. हा शब्द मुळातच वाईट आहे, की आपण तो तसा केला? आणि त्याला पर्याय काय?

कऱ्हाकाठ:
संस्कृत 'वंध्या', प्राकृतात 'वंझा', मराठीत 'वांझ'. म्हणजे 'वंध्यत्व' आणि 'वांझपण' एकाच मुळाचे. शेतात 'वांझ' अजून साधेपणाने वावरतो. तुरीवर वांझ रोग पडतो, झाड हिरवंगार राहतं पण फुलं-शेंगा धरत नाही. तिथे तो शब्द कोणाला बोचत नाही. बाईला लावला की मात्र शिवी होते. 'वांझोटी' तर त्याहून कडू, आणि तरी वर्तमानपत्रं 'वांझोटी चर्चा', 'वांझोट्या बैठका' असं लिहीत आली आहेत. 'निष्फळ' हा चांगला शब्द हाताशी असताना हे का? उपचार घेणारी बाईसुद्धा सकाळी तोच मथळा वाचते, याचं भान लिहिणाऱ्याने ठेवायलाच हवं.

'निपुत्रिक' बाद करा. त्यात फक्त मुलगाच मोजलाय. 'अपत्यहीन' मधल्या 'हीन'चा अर्थ 'नसलेला' एवढाच, पण कानाला तो कमीपणाचाच लागतो. 'विनापत्य' त्यातल्या त्यात बरा. मात्र ठरवून मूल न होऊ दिलेल्या जोडप्यांसाठीही तो वापरतात, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही.

नर्सताई:
आमच्याकडे 'वंध्यत्व' हा निदानाचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ नेमका आहे: गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध असूनही १२ महिन्यांत गर्भ न राहणं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तपासून घ्या असं सांगतात. 'कधीच होणार नाही' असं त्यात कुठेही नाही. लोक नेमका तोच अर्थ घेतात आणि खचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार सहापैकी साधारण एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हे सोसावं लागतं.

दुसरा घोळ पुरुषांच्या शब्दांत आहे आणि तो जास्त नुकसान करतो. 'नपुंसकत्व' म्हणजे 'पुरुष वंध्यत्व' नव्हे. वीर्यात शुक्राणू कमी असले, अगदी नसले, तरी त्या माणसाला संबंधात काहीही अडचण नसू शकते. बोलण्यात मात्र दोन्हींना एकच शब्द, म्हणून माणूस वीर्यतपासणीलाच तयार होत नाही. एवढी साधी, बिनत्रासाची तपासणी शेवटाला जाते. तोवर बायकोचा गर्भनळ्यांचा एक्स-रे झालेला असतो, दुर्बिणीची तपासणी झालेली असते. तुमच्या सूचनेत 'पुरुषांनीही यावं' हे लिहाच.

रानवारा:
मी नवरा म्हणून लिहितो. 'तिला मूल होत नाही' हे वाक्य किती सहज येतं पाहा. 'त्याला मूल होत नाही' असं शेवटचं कधी ऐकलंत? 'दोष कोणात आहे?' असंही बिनदिक्कत विचारतात. 'कूस उजवली' हा वाक्प्रचार मला फार आवडतो, पण त्यातही कूस तिचीच.

आमच्या बाबतीत कारण माझ्या रिपोर्टमध्ये निघालं. तरी नात्यातल्या डोहाळजेवणात ओटी भरायला सगळ्या जावांना बोलावलं आणि माझ्या बायकोला वगळलं. ती स्वयंपाकघरात ताटं पुसत राहिली. त्या काळात आमच्या फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे इंजेक्शनचा डबा असायचा आणि कोणी विचारलं तर 'बी-ट्वेल्व्हची आहेत' म्हणून सांगायचो. त्या दिवसानंतर मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायला लागलो: "आम्ही दोघं मूल होण्यासाठी उपचार घेतोय." 'काही विशेष?' म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर. कर्ते 'आम्ही दोघं' झाल्यावर बायकोला विचारणं बरंच थांबलं.

मोगरा:
रानवारा, हे वाक्य मी जसंच्या तसं उचलते आहे. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आणखी दोन शब्द अडलेत. 'टेस्ट ट्यूब बेबी' लिहावं का? माझ्या सासूबाईंना खरोखर वाटायचं की बाळ नऊ महिने नळीत वाढतं. आणि 'समुपदेशन' चालेल का?

नर्सताई:
'टेस्ट ट्यूब बेबी' आपल्याकडे घरोघरी पोचला तो १९८६ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांनी मुलगी जन्मली तेव्हा. पण नळी त्यात नावापुरतीच. स्त्रीबीज आणि शुक्राणू काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पसरट बशीत एकत्र ठेवतात, आणि साधारण तीन ते पाच दिवसांत गर्भ आईच्या गर्भाशयात सोडतात. पुढचे सगळे महिने पोटातच. पेशंट स्वतः 'आयव्हीएफ'च म्हणतात, तेच लिहा.

'समुपदेशन' कायद्यातही अपेक्षित आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार केंद्राने जोडप्याला ते द्यायचं असतं. तुमच्या केंद्रात कोणी देत नसेल तर मागून घ्या.

कऱ्हाकाठ:
शब्द शुद्ध आहे, पण त्यात 'उपदेश' ऐकू येतो. ह्या जोडप्यांना उपदेश करणारे आधीच ढीगभर. कोणी उपास सांगतं, कोणी 'टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल' म्हणतं. 'बोलायला या' असं लिहा.

मोगरा:
मग असं करते:
"मूल होण्यासाठी उपचार घेताय? बोलायला या. दोघं या, एकट्याने किंवा एकटीने आलात तरी चालेल. इथे कोणी सल्ला देणार नाही. नाव सांगायची सक्ती नाही."
खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देते. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही लागतो.

रानवारा:
"आयव्हीएफ फेल गेलं असेल, उपचार थांबवले असतील, तरी या" हेही घाला. आमचे थांबले तेव्हा कुठे जावं तेच कळत नव्हतं.

मोगरा:
घातलं. 'बोलायला या' ही दुसरी ओळ तीच ठेवली आहे.