अनुभव सांगा: व्हिएतनाममध्ये देवदर्शनाला गेलात तेव्हा शेजारी कोण उभं होतं?

मीच सुरुवात करते. न्हा चांग शहरातल्या पो नगरच्या देवळात गुडघे उघडे म्हणून दारातच अंगावर झगा चढवावा लागला. आत दहा हातांची देवी, अंगभर रेशमी वस्त्रं. मी मनात महिषासुरमर्दिनी म्हणून हात जोडले. शेजारच्या आजी तिला 'बा' म्हणत होत्या. आपल्याकडे बा म्हणजे बाप, तिथे आजी, मानाची बाई! चाम लोकांची, म्हणजे तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या वारसांची, ही पो नगर; व्हिएतनामींची थिएन इ आ ना. तुम्ही कोणत्या नावाने हाक मारलीत?

सह्यभटक्या: आम्ही नेमके जत्रेत सापडलो. चांद्र पंचांगातल्या तिसऱ्या महिन्यात, २० ते २३. देवीला न्हाऊ घालून वस्त्रं बदलतात. फान रांगकडून आलेले चाम लोक पांढऱ्या कपड्यांत, ढोल-सनई घेऊन. व्हिएतनामी बायका डोक्यावर फळांची ताटं घेऊन नाचत. सनई ऐकून बायको म्हणाली, लग्नघर वाटतंय.

विटांची_आवड: जरा गोडवा कमी करतो. हे मनोरे चाम राजांचे, आठव्या शतकापासूनचे. ७७४ मध्ये समुद्रावरून आलेल्या हल्लेखोरांनी देऊळ जाळलं, राजा सत्यवर्म्याने ७८४ मध्ये पुन्हा उभं केलं. १६५३ मध्ये हा मुलूख व्हिएतनामी न्गुयेन सरदारांनी घेतला. मग देवी नव्या मालकांचीही झाली. चाम लोकांनी आपली पूजा दक्षिणेला हुउ दुक गावी नेली. म्हणजे देवी वाटून घेतली की काढून घेतली, हा प्रश्न मला तिकीट काढतानाच पडला.

सायगावकर: आमच्या सायगावातल्या (हो ची मिन्ह सिटी) ऑफिसजवळ मारिअम्मन देवीचं देऊळ. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, पण रोज येणारे बहुतेक व्हिएतनामी आणि चिनी. स्थानिक नाव 'चुआ बा आन', भारतीय देवीचं देऊळ. सहकारी मला जेवणाच्या सुट्टीत घेऊन गेली. तिने देवळाच्या मागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटलं. मी विचारलं, काय मागितलंस? "सांगायचं नसतं." हे मात्र अगदी आपल्यासारखं.

नवखी: मी डिसेंबरमध्ये जातेय. तिकडे ओटी भरता येते का?

सायगावकर: नारळ दारातच मिळतो. खण घरून न्या.