तालुक्याच्या कॉलेजला नॅकचा 'ए' मिळालाय, बहिणीचं ॲडमिशन तिथे घ्यावं का?

अंबडचा_फिटर
नमस्कार मंडळी. बहीण यंदा बारावी सायन्स झाली, बीएस्सी केमिस्ट्री करायचं म्हणते. आम्ही दिंडोरी तालुक्यातले, मी अंबड एमआयडीसीत कामाला. घराजवळ एक कॉलेज आहे (नाव टाकत नाही, उगाच वाद नको) तिथे गेटवर हा मोठा फ्लेक्स लागलाय, नॅक मूल्यांकनात 'ए' ग्रेड, सीजीपीए ३.१२, खाली संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो. मागच्या सायकलला, म्हणजे आधीच्या मूल्यांकनात, बी होती म्हणे. आमचे अण्णा फ्लेक्स बघून आले आणि ठरवूनच टाकलं की आता नाशिकला पाठवायची गरजच काय. बहिणीला कॉलेज रोडलाच जायचंय, मैत्रिणी तिकडे चालल्यात. पण रोज एसटीने सीबीएस, तिथून सिटीलिंक, प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की घरी यायला अंधार, हे पण आहेच.

तर विचारायचं हे की ए देताना नेमकं काय बघतात? फी वाढेल का? आणि गावात एकाने सोडून दिलंय की आता कॉलेज ऑटोनॉमस होणार, मग डिग्री पुणे विद्यापीठाची राहणार नाही, हे खरंय का? माझं शिक्षण आयटीआय, त्यामुळे हे नॅकबिक डोक्यावरून जातं.

कुंडी_भाड्याची
भाऊ मी नाशिकच्याच एका कॉलेजातून पास झालो, नाव नको. आमच्याकडे नॅकची टीम येणार म्हटल्यावर लग्नघर झालं होतं नुसतं. भिंतींना रंग, नर्सरीतून कुंड्या भाड्याने, लेडीज रूमला नवीन पाटी, वर्षभर कुलूप असलेली लँग्वेज लॅब उघडली आणि आम्हाला सांगितलं हेडफोन लावून बसा. टीम गेली, कुंड्या गेल्या. त्यामुळे ए बी सी डी काही बघू नका, शिकवणारी माणसं बघा.

क्रायटेरिया_दोन
कुंडीवाल्यांचा अनुभव खोटा म्हणणार नाही, असं होतं. पण ते चित्र अर्धं आहे. मी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका सीनियर कॉलेजात शिकवतो, आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बरीच वर्षं गळ्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी डिग्रीचं. बीएस्सीची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, नॅक असो नसो. ऑटोनॉमस झालं तरी पदवी विद्यापीठाच्याच नावाची, फक्त सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजच्या हातात येतात. आणि ए मिळाला म्हणून आपोआप कुणी ऑटोनॉमस होत नाही, त्यासाठी यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोग) वेगळा अर्ज करावा लागतो. फी पण नॅकमुळे वाढत नाही, फरक पडतो तो तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित यावर. केमिस्ट्री कशात आहे ते ऑफिसात सरळ विचारा.

आता ए म्हणजे काय. नॅक ही कॉलेजं तपासून ग्रेड देणारी यूजीसीची संस्था, १९९४ ला सुरू झाली, ऑफिस बेंगळुरूला. मार्क ४ पैकी. ३.०१ ते ३.२५ म्हणजे ए, त्याच्या वर ए प्लस आणि ए डबल प्लस. २.०१ ते २.५० म्हणजे बी. मधे बी प्लस आणि बी डबल प्लस अशा दोन पायऱ्या आहेत, म्हणजे या कॉलेजने त्या दोन्ही ओलांडल्यात, तालुक्याच्या ठिकाणी हे सोपं काम नाही हो. एकदा ग्रेड मिळाली की ५ वर्षं चालते.

आणि रंगकामाचा मुद्दा. २०१७ ला पद्धत बदलली त्यानंतर साधारण ७० टक्के मार्क हे आकड्यांवर असतात, जे टीम यायच्या आधीच ऑनलाइन तपासून होतात. कॉलेज एसएसआर भरतं, म्हणजे गेल्या ५ वर्षांचा सगळा लेखाजोखा, प्रत्येक आकड्याला पुरावा जोडायचा, मग डीव्हीव्ही नावाचा प्रकार येतो, ते एकेक क्लेम उचलून विचारतात याचं पत्र दाखवा, त्याची सही दाखवा, फोटोवर जिओटॅग (कुठे काढला त्याची नोंद) नाही, चालणार नाही. पुरावा नाही तर आकडा खाली. शिवाय मुलांना थेट नॅककडून मेल जाते, २१ प्रश्नांचा सर्व्हे असतो. टीम येते ती उरलेल्या ३० टक्क्यांसाठी, बाहेरच्या राज्यातली माणसं असतात, वर्गात जाऊन बसतात, लायब्ररीत रजिस्टर चाळतात, पालक आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलतात, शेवटी एक्झिट मीटिंगमध्ये रिपोर्ट देऊन जातात. ग्रेड तेव्हा कळत नाही, ती नंतर जाहीर होते. कुंड्या भाड्याने आणून या ३० मधलं काही मिळेल कदाचित. ७० मधलं कसं मिळवणार?

ऑफिसातली_ताई
क्रायटेरिया_दोन सर, जिओटॅगचं नाव काढू नका, अंगावर काटा येतो 😀 मी कॉलेज ऑफिसात आहे, विद्यार्थी विभाग बघते. आमची डीव्हीव्ही चालू होती तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या एनएसएस कॅम्पचे फोटो शोधत होतो आम्ही, ते निघाले बदलून गेलेल्या एका सरांच्या जुन्या मोबाइलात, आणि कुठल्या गावचा कॅम्प हे पाटी दिसली म्हणून कळलं. प्राध्यापक लोक म्हणतात आम्ही नॅक केलं, पण स्कॉलरशिपच्या याद्या, कॅटेगरीप्रमाणे ॲडमिशन, मंजूर पदं किती भरलेली किती, रिझल्ट, पास होऊन पुढे कुठे गेली मुलं, हे सगळं आमच्याच कपाटातून जातं. ज्या कॉलेजात हे वर्षाच्या वर्षाला लावून ठेवलेलं असतं तिथे ग्रेड वर जाते, जिथे शेवटच्या तीन महिन्यात गोळा करायला निघतात तिथे माणसं आजारी पडतात.

दादा, एक सांगते. आपल्या भागातल्या कॉलेजात हजेरी हा नेहमीचा प्रश्न, ऑक्टोबरला द्राक्षाची छाटणी निघाली की अर्धा वर्ग बागेत, जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. बहीण जाणार त्या कॉलेजात या दिवसांत बुडालेली प्रॅक्टिकल परत घेतात का ते विचारा. मुलींचं त्यात जास्त बुडतं, कारण घरचे म्हणतात आठ दिवस नाही गेली तर काय होतं.

वणीकडचा
मला वाटतं मला कळलं कुठलं कॉलेज ते, मी पण नाव घेत नाही. तिथलाच माजी विद्यार्थी, सध्या पिंपळगावला औषध-खतांचं दुकान आहे. टीम आली तेव्हा आम्हा जुन्या पोरांना बोलावलं होतं. आम्हाला वाटलं दोन गोड शब्द बोलायचे आणि चहा-बिस्किट खाऊन यायचं, तर त्यातल्या एका मॅडमनी सरळ विचारलं, इथे शिकलात त्यातलं दुकानात काय वापरता? मी म्हटलं पीएच आणि ईसी, म्हणजे माती-पाण्याचा आम्ल-अल्कपणा आणि क्षार. खरंच सांगतो, केमिस्ट्री डिपार्टमेंटवाले शेतकऱ्यांचं माती-पाणी तपासून देतात, आणि नमुने पोरंच घेतात, पोरंच रिडिंग घेतात, आणि शेतकऱ्याला कागद देताना समजावून पण पोरांनीच सांगायचं. हेच त्यांनी बेस्ट प्रॅक्टिस म्हणून लिहिलं होतं. टीमने रजिस्टर मागितलं आणि त्यातल्या एका शेतकऱ्याला तिथल्या तिथे फोन लावायला लावला! तो बागेत फवारणीवर होता, म्हणाला पाण्यात क्षार निघाले होते, सरांनी सांगितलं तसं केलं, आता बरं आहे, ठेवतो. संपला विषय. असला पुरावा कुठून आणणार.

वाईट पण सांगतो. इंग्रजीची बोंब आहे. फिजिक्सला आमच्या वेळी दोन सर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, होते, वर्ष संपलं की पुढच्या वर्षी येतील की नाही त्यांनाच माहीत नसायचं. हॉस्टेल मुलींचं आहे, चांगलं आहे, पण जागा कमी, पेठ-सुरगाण्याच्या पोरींना आधी देतात आणि ते बरोबरच आहे. कमवा व शिका मध्ये बरीच पोरं लायब्ररीत आणि लॅबमध्ये काम करतात.

सनीवेलहून
मूळची नाशिकरोडची, आता कॅलिफोर्नियात. इकडच्या कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम शिकवते, आणि आमचंही मूल्यांकन नुकतंच नीट पार पडलं म्हणून हा धागा वाचून हसू आलं, कारण फोल्डर, पुरावे, रात्रीच्या मीटिंगा सगळं सेम. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजेस आहेत, दोन वर्षांचा कोर्स, फी कमी, मग मुलं तिथून युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात. मान्यता देणारी संस्था एसीसीजेसी, दर ७ वर्षांनी मोठा आढावा, टीममध्ये दुसऱ्या कॉलेजांचीच माणसं असतात. फरक एवढाच की इकडे मान्यता गेली तर फेडरल मदत बंद, क्रेडिट पुढे कुणी धरत नाही, म्हणजे कॉलेज जवळजवळ संपलंच. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची मान्यता काढायचा निर्णय २०१३ मध्ये झाला होता, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी जानेवारी २०१७ मध्ये ती पूर्ण ७ वर्षांसाठी परत मिळाली, पण तोवर हजारो विद्यार्थी दुसरीकडे निघून गेले होते. भांडण शिकवण्यावरून नव्हतंच मुख्यतः, पैशाचं नियोजन आणि कारभार यावरून होतं. म्हणून बहिणीसाठी बघताना संस्थेचा कारभार पण बघा, दर वर्षी प्राचार्य बदलतात का, पदं रिकामी किती.

कुंडी_भाड्याची
ठीक आहे मान्य, सगळंच रंगकाम नसेल. पण फेब्रुवारी २०२५ ला सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडले ते विसरलात का सगळे? आंध्रातलं प्रकरण. मग त्या ए वर विश्वास कसा ठेवायचा?

क्रायटेरिया_दोन
विसरलो नाही, आमच्या स्टाफरूममध्ये दोन आठवडे तोच विषय होता. आणि त्याच्या आधीपासूनच पद्धत बदलायचं चाललंय, राधाकृष्णन समितीच्या शिफारशीवरून जानेवारी २०२४ ला जाहीर झालं की ग्रेडच काढून टाकायच्या, फक्त मान्यताप्राप्त की नाही एवढंच, आणि त्यावर ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी लेव्हल १ ते ५. माझं मत विचाराल तर ग्रेड गेलेली बरी. एका अक्षरासाठी संस्थाचालक जीव खातात, आणि पालकांना त्या अक्षरातून काही कळत नाही.

पण म्हणूनच फिटरभाऊंना सांगतो, फ्लेक्स सोडा आणि कागद वाचा. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅक किंवा आयक्यूएसी असा टॅब असतो, त्यात एसएसआर, पीअर टीम रिपोर्ट आणि ग्रेड शीट टाकलेली असते. ग्रेड शीटमध्ये सातही क्रायटेरियाचे, म्हणजे निकषांचे, मार्क वेगवेगळे असतात. संलग्न कॉलेजला १००० पैकी ३५० मार्क एकट्या दुसऱ्या क्रायटेरियाला, म्हणजे शिकवणं, शिक्षक, रिझल्ट. तो चांगला असेल तर बहिणीच्या कामाचं. पाचवा म्हणजे विद्यार्थ्यांना मदत आणि पुढे काय झालं, स्कॉलरशिप, नोकरी, एमएस्सीला गेलेली मुलं. तिसरा संशोधनाचा, तिथे तालुक्याची कॉलेजं बहुतेक मार खातात, बीएस्सीच्या मुलीला त्याने लगेच काही अडत नाही. आणि टीमच्या रिपोर्टच्या शेवटी कमकुवत बाजू आणि शिफारशी असतात, त्या आधी वाचा. स्तुती सगळ्यांचीच असते, कमकुवत बाजू मात्र प्रत्येकाची वेगळी.

अंबडचा_फिटर
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. काल रात्री बहिणीला घेऊन बसलो, वेबसाइट उघडली, रिपोर्ट इंग्रजीत आहे, तिनेच वाचून दाखवला. दुसऱ्या क्रायटेरियाला ४ पैकी ३.४ च्या पुढे आहे, तिसऱ्याला २ च्या आसपास. कमकुवत बाजूत लिहिलंय की कायम शिक्षकांची पदं रिकामी आणि मुलांचं इंग्रजी बोलणं, म्हणजे वणीकडच्या भाऊंनी सांगितलं तेच. माती-पाणी तपासणीचं पण आहे. ते वाचून बहीण जरा नरमली, म्हणते लॅबमध्ये स्वतः करायला मिळणार असेल तर चालेल, नाशिकला एका बॅचला किती मुलं असतात ते मैत्रिणीला विचारते. अण्णांना मात्र मी सांगितलं की तुम्ही फोटो बघून ठरवलं होतं, आम्ही वाचून ठरवतोय 😄

सोमवारी सुट्टी टाकून कॉलेजात जाणार आहे. अजून काय विचारू?

क्रायटेरिया_दोन
केमिस्ट्रीला कायम शिक्षक किती आणि सीएचबी किती, नावानिशी. नॅक झाल्यानंतरचा एक्यूएआर, म्हणजे वार्षिक अहवाल, भरलाय का. भरला असेल तर टीमने केलेल्या शिफारशींपैकी कुठल्या हातात घेतल्या ते त्यात दिसेल, नसेल भरला तर ग्रेड मिळाल्यावर सगळे झोपले असं समजा. आणि शक्यतो प्राचार्यांच्या केबिनमध्ये न बसता लॅब असिस्टंटला भेटा.

ऑफिसातली_ताई
आणि सकाळी लवकर या हो, दुपारनंतर खिडकीवर गर्दी होते. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर असेल तर तो, आणि तिच्याच नावाचं आधार लिंक बँक खातं, स्कॉलरशिपचा फॉर्म त्याशिवाय पुढे जात नाही. एसटीचा पास काढायला बोनाफाईड लागतं ते पण त्याच दिवशी मागून घ्या.