'स्वामी' मालिकेचे शेवटचे भाग आईला दाखवू का?

राजारामपुरी_नववी_गल्ली:
नमस्कार मंडळी, जरा मनातलं विचारायचंय. १९८७ ला दूरदर्शनवर माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' लागायची तेव्हा आई कॉलेजला होती, शेजारच्या काकूंच्या घरी बघायला जायची. रवींद्र मंकणींचा माधवराव आणि मृणाल देवची रमा अजून तिच्या डोळ्यांसमोर आहेत. आता तिला परत बघायचीय म्हणून आम्ही रोज रात्री जेवणं झाली की बसतोय. पण पप्पांना जाऊन आत्ता आठ महिने झालेत, आजारपण दीड वर्ष चाललं, सगळं आईनंच काढलं. काल माधवराव नुसते खोकले तर हिचा वाटाणे सोलणारा हात थांबला, शेंग तशीच हातात. पुढं थेऊर येणार, जिथं माधवराव गेले, आणि मग रमा सती जाणार. तिथंच थांबवू का?

तांब्रपर्णीकाठ:
आमचं गाव चंदगड तालुक्यात, कोवाडजवळ. रणजित देसाई कोवाडचे, त्यामुळं 'स्वामी' आमच्याकडं घरचंच पुस्तक, १९६२ चं. माझ्या मते थांबवू नका. सोळाव्या वर्षी पेशवाई अंगावर पडलेला पोरगा, पानिपत नुकतंच झालेलं, घरात काका राघोबादादांची भांडणं, त्यात क्षयानं सत्ताविसाव्या वर्षी गेला, १८ नोव्हेंबर १७७२. या धबडग्यात दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळायचा तो चोरूनच, आणि तेवढ्यातच देसाईंनी त्यांचं प्रेम उभं केलंय. थेऊर वगळलं तर मग काय बघितलं?

गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, एवढंच बोलतो. १९४४ च्या 'रामशास्त्री' सिनेमात स्वतः पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री झाला होता तो माणूस, हा काळ त्याच्या चांगला हाताखालून गेलेला.

मंगळवार_पेठ_मावशी:
बाळ, मी पण एकटीच आहे, बारा वर्षं झाली. आजारपण बघायला मला जड गेलं नाही, ते आपण काढलेलंच असतंय, उलट कुणीतरी आपलं दुखणं ओळखलं असं वाटतंय. मला टोचलं ते सतीचं. ती गेली, मी राहिले, मग माझी माया कमी का, असं कितीतरी दिवस डोक्यात यायचं. मग कळलं की त्याच घरात माधवरावांच्या आई गोपिकाबाई नवरा नानासाहेबांच्या मागं राहिल्या, पुढं नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. पार्वतीबाई तर त्यांचा नवरा, सदाशिवरावभाऊ, पानिपतानंतरही जिवंत आहे असं धरून वर्षानुवर्षं वाट बघत राहिल्या. त्यांची माया कुणी मोजली? मागं राहून दिवस ढकलायला पण जीव लागतो गं. हे आईला आधी सांग, मग लाव मालिका. आणि तू खोलीत जाऊ नकोस, शेजारीच बस.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
मावशी, तुमचं लिहिलेलं आईला वाचूनच दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही, नुसता पदर सारखा करत बसली. मग म्हणाली, "गोपिकाबाईंचं ते परत वाच." परत वाचलं. मग म्हणाली, "शेवट मला पाठ आहे, तू बस फक्त." आज रात्री लावतोय.