लहानपणी पायाला बायपास झाला असेल, तर तपासण्या किती वर्षे चालू ठेवाव्यात?

प्रश्न:
माझा मुलगा 6 वर्षांचा असताना अपघातात त्याच्या गुडघ्यामागची धमनी फाटली आणि दुसऱ्या पायातली शीर काढून त्याच रात्री बायपास करण्यात आला. आज तो 8 वर्षांचा आहे, पळतो, सायकल चालवतो आणि पावलावर नाडी नीट लागते. मागच्या भेटीत ‘आता येण्याची गरज नाही’ असे सांगण्यात आले. पण मूल वाढणार, मग ती जोडलेली शीर त्याच्याबरोबर वाढेल का?

उत्तर 1 (रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक):
शीर ही जिवंत ऊती असल्यामुळे वाढते. कृत्रिम नळी आहे तेवढीच राहते, म्हणून मुलांमध्ये ती शक्यतो टाळतात. जोडावर सलग टाका न घालता सुटे टाके घालतात तेही घेर वाढायला वाव राहावा म्हणूनच. मात्र शिरेची भिंत धमनीतला दाब सोसण्यासाठी घडलेली नसते, त्यामुळे काही मुलांत ती वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जाते, तर काहींत आतून अरुंद होते, आणि हे दोन्ही बदल त्रास सुरू होण्याआधीच डॉप्लर सोनोग्राफीत (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत) दिसू शकतात. नाडी लागते एवढ्यावर तपासण्या थांबवणे मला मुळीच पटत नाही. ठरावीक काळाने डॉप्लर, घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाची तुलना आणि दोन्ही पायांच्या लांबीचे मोजमाप वाढ पूर्ण होईपर्यंत व्हावे. फुगवट्यावर लक्ष त्यानंतरही ठेवावे.

उत्तर 2:
लांबीचा मुद्दा कृपया हलका मानू नका. माझा बायपास वयाच्या 9 व्या वर्षी झाला आणि पुढे कधीतरी तो गुपचूप बंद पडला. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्त पुरवले म्हणून पाय वाचला, दुखलेही नाही. फक्त पॅन्टची एकच मोहरी सतत जमिनीला घासून फाटायची. कारण कळले तेव्हा रक्त कमी मिळाल्याने वाढ मागे पडून तो पाय 2.5 सेंटीमीटर आखूड राहिला होता आणि माझी वाढ संपली होती. वेळेत कळले असते, तर दुसऱ्या पायाची वाढ शस्त्रक्रियेने रोखून फरक भरून काढता आला असता. आता बुटात उंचवटा घालून चालतो.

प्रश्नकर्ती:
आपले वाचून लगेच टेप घेऊन त्याचे दोन्ही पाय मोजले. फरक वाटला नाही.

उत्तर 1:
टेपने थोडा फरक सहज निसटतो. उभ्याने काढलेला दोन्ही पायांचा पूर्ण एक्स-रे एकदा करून घ्यावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक मोजमापाची तुलना त्याच्याशी करता येईल.