मदत हवी आहे: भूप आणि देशकार या रागांतला फरक खेळातून कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर मी घरीच गायनाचा वर्ग घेते. मुलं ९ ते १३ वर्षांची. बरीचशी यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्ण या संगीत परीक्षेला बसतील, म्हणजे लेखी पेपर आलाच. वादी (रागातला मुख्य स्वर) म्हणजे काय विचारलं की एका दमात व्याख्या म्हणून दाखवतात, पण राग ऐकताना तो वादी कुठे आहे ते सांगता येत नाही. म्हणून शास्त्राचा भाग जमेल तितका खेळातून घेते.

तालाचं छान जमलं. तीनतालासाठी गच्चीवर खडूने १६ घरं आखायची, दर चार घरांनंतर जाड रेघ. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या घरात टाळी, नवव्यात काल (टाळी न देता हात बाजूला). एकाने बोल म्हणायचे, बाकीच्यांनी चालायचं. गणपतीत ढोल वाजवणारी मुलं वर्गात आहेत, त्यांची सम (तालाची पहिली मात्रा) कधी हुकत नाही. झपतालाला २-३-२-३ अशी घरं केली की ताल पायांनाच कळतो. रूपकात समेवरच काल, तिथे सगळे एकदा अडखळतात, आणि मग तो ताल पक्का होतो.

थाटांसाठी (राग ज्यांत विभागतात ते सात स्वरांचे संच) १२ पत्ते केलेत, दर स्वराला एक. बिलावल मांडायचा, शुद्ध म उचलून तीव्र ठेवला की कल्याण. परत बिलावलवर येऊन नी कोमल केला की खमाज, त्यात ग कोमल केला की काफी, मग ध कोमल करून आसावरी, रे कोमल करून भैरवी. प्रत्येक बदल आधी पेटीवर ऐकायचा, मगच पत्ता हलवायचा.

अडलंय ते इथे. एका मुलीने भूपाचे सा रे ग प ध मांडले आणि विचारलं, "यात मध्यम नाहीच, मग भूप कल्याण थाटात कसा?" लगेच दुसरा म्हणाला, देशकाराचेही हेच पाच पत्ते आणि त्याचा थाट तर बिलावल! दोघांचंही बरोबर आहे. पत्त्यांवरून स्वर कोणते ते कळतं, त्यांवर किती थांबायचं ते कळत नाही. भूपात ग वादी आणि ध संवादी (वादीखालोखाल महत्त्वाचा), देशकारात उलट, हे वहीत लिहून देता येईल, पण मला ते मुलांच्या कानाला सापडायला हवंय. हाताने करण्यासारखं कुणी काही केलंय का? मोबाइलवरचे खेळ नकोत.

प्रतिसाद १
ताई, पाच वाट्या आणि मूठभर राजमा घ्या. वाट्या ओळीने सा, रे, ग, प, ध अशा मांडा. तुम्ही भूपाचा संथ आलाप गा. ज्या स्वरावर थांबाल त्या वाटीत मुलांनी दाणा टाकायचा, जास्त थांबलात तर जास्त दाणे. मग दुसऱ्या पाच वाट्यांत देशकार. भूपात गंधाराची वाटी भरते, देशकारात धैवताची, आणि देशकारात रे जवळजवळ रिकामा राहतो. पूर्वांग-उत्तरांगही (सप्तकाचा खालचा आणि वरचा भाग) वेगळं समजवावं लागत नाही, ओळीची कुठली बाजू भरली ते समोर दिसतं. रागाचं नाव मात्र दाणे मोजून झाल्यावरच सांगा. थाटाचा प्रश्नही इथेच सुटेल: भूपाची चाल कल्याण अंगाची म्हणून तो त्या थाटात, नुसत्या स्वरांवरून ते ठरत नाही.

प्रतिसाद २
वरचा उपाय उत्तम. सोबत फळीवर एक तार ताणा, घोडीपासून घोडीपर्यंत (तार ज्यांवर टेकते त्या पट्ट्या) ३६ इंच. १८ इंचांवर वरचा सा, २४ वर पंचम, २७ वर मध्यम. मुलांच्या हातात मोजपट्टी द्या आणि जागा आधी कानाने शोधू द्या. जलतरंगासारख्या चिनी मातीच्या वाट्याही करून पाहा. पाणी वाढवलं की स्वर उतरतो, मुलांना नेमकं उलट वाटत असतं.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. राजम्याचा खेळ या रविवारीच घेते. रे रिकामा राहतो हे मुलांनी स्वतः पाहिलं तर दुर्बल स्वराची व्याख्या पाठ करून घ्यायची गरज नाही. एक शंका: आलाप मी गायले तर माझ्याकडून नकळत वादीवर मुद्दाम जोर दिला जाईल. त्यापेक्षा विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावावं का? मुलांना त्या गतीत दाणे टाकणं झेपतं का?

प्रतिसाद १
पहिल्यांदा तुम्हीच गा. ध्वनिमुद्रण नंतर, आणि फक्त सुरुवातीची ५ मिनिटं. तानांपर्यंत (जलद स्वरसमूहांपर्यंत) गेलात तर दाणे जमिनीवर. तानपुरा मात्र पूर्ण वेळ चालू ठेवा.